पडद्याला ऊन हवं

सावली ही माणसाची मूलभूत गरज आहे. फक्त ती बटणावर यायला हवी. विरारजवळच्या नंदाखाल गावच्या धवलला हे सत्य नवी गाडी घेतल्यावर उमगलं. गाडीच्या मागच्या काचेला विजेवर चालणारा पडदा होता. बटण दाबलं की आतली मोटर घुर्रकन फिरते, गुंडाळलेली जाळी दोन दांड्यांवर वर चढते आणि साडेचार सेकंदांत ऊन हद्दपार. रिव्हर्स टाकला की पडदा आपोआप खाली उतरतो, कारण मागे काय आहे ते चालवणाऱ्याला दिसलं पाहिजे (इंजिनिअर लोक फार भाबडे असतात).

अडचण एकच होती. गाडी उभी राहायची दारातल्या चिंचेखाली, आणि तिथे ऊन म्हणून यायचं नाही. आठवडाभरात बावीस पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवून झालं. एकवीस जण "वा!" म्हणाले. विरारची मावशी मात्र म्हणाली, "अरे, पण इथे ऊन आहे कुठे?"

हे धवलच्या जिव्हारी लागलं.

सदर चिंच पडद्याच्या कार्यक्षमतेत अडथळा आणते, असा ठराव रविवारी घरात मांडण्यात आला. बाजूने मतं दोन: धवल आणि त्याची बायको रीमा. विरोधात एक: बाबा, म्हणजे दयाराम, जे साठ वर्षं दुपारची बाज त्याच चिंचेखाली टाकत आले होते. आई स्वयंपाकघरात होती (तिचं मत विचारायची पद्धत नाही).

"मग दुपारचा मी बसू कुठे रे?" बाबांनी विचारलं.

"गाडीत बसा ना, बाबा! पडदा आहे की!"

मंगळवारी चिंच पडली. बुधवारी दारात असं काही रखरखीत ऊन आलं म्हणता, पडद्याचं अगदी सोनं झालं! आता बाबा रोज दुपारी मागच्या सीटवर बसतात. सावली गार राहावी म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवावा लागतो, एवढंच.

परवा बाबा आत असतानाच धवलने गाडी मागे घेतली. पडदा आपोआप खाली गेला आणि काचेत चिंचेचा उरलेला बुंधा दिसला. बाबा मान वळवून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. धवलला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. त्याने लगेच शोरूमला फोन लावला, "हे आपोआप खाली जायचं बंद करता येईल का हो?"

तुम्हाला हसू आलं असेल. हसा की. फक्त तुमची गाडी जिथे उभी आहे, तिथे आधी काय होतं ते आठवून बघा. नाही आठवत? मग तुमचा पडदा उत्तम चालतोय.