फ्रीझर चालू आहे तोवर

जिथे जन्मला तिथेच राहणाऱ्या माणसाला आपण पृथ्वीवर कशासाठी आहोत, हे कोणाला सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्याला ते दर काही वर्षांनी, पुराव्यांसह आणि दोन प्रतींत, सांगावं लागतं. तत्त्वचिंतनाला सरकारने दिलेलं हे उत्तेजन स्तुत्य आहे.

आमच्या परिचयातले एक संशोधक परदेशात मूत्रपिंडाच्या आजारावर औषध शोधतात. प्रत्यक्षात ते उंदरांची मूत्रपिंडं तपासतात. पण घरच्यांच्या लेखी ते 'डॉक्टर'.

"गुडघा फार धरलाय रे," आत्या फोनवर म्हणते.

"आत्या, मी फक्त उंदरांचं बघतो."

"मग मला उंदीर समज आणि सांग."

(हे उंदीरही परदेशातूनच मागवलेले. त्यांची कागदपत्रं आल्याआल्या कायमची मंजूर झाली.)

यंदा संशोधकांचा निवास परवाना संपत आला. नियम साधा: हे काम दुसऱ्या कोणालाही जमणार नाही, असं सिद्ध करा आणि राहा, नाहीतर लेकीची शाळा, बायकोची नोकरी आणि बाल्कनीतल्या कुंड्या आवरून निघा. विज्ञानाचा नियमही तितकाच साधा: तुमचं काम दुसऱ्यालाही जमलं पाहिजे, नाहीतर ते खोटं. दोन्ही नियम वेगवेगळे वाचले तर निर्दोष आहेत. ते एकाच माणसाला लागू होणं, ही त्या माणसाची खासगी अडचण.

त्यांचा प्रयोग पडताळणीसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेला होता. तिथून फोन आला.

"अभिनंदन! पहिल्या फटक्यात जमला. आमच्या नव्या मुलीने केला, गाणी ऐकताऐकता!"

सगळं आयुष्य ओतलेलं काम खरं ठरलं. संशोधक धावतच परवान्याचं काम बघणाऱ्या वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "थोडं अवघड तरी ठेवायचं होतंत!"

"अवघडच होतं. मी सोपं केलं."

"हे बाहेर कुठे बोलू नका."

मग प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी शिफारसपत्र लिहायला घेतलं. माणूस दुर्दैवाने प्रामाणिक. "यांच्याशिवाय आपलं नेमकं काय अडेल?" त्यांनी सर्वांना विचारलं. सगळे आदराने आपापल्या सूक्ष्मदर्शकात बघू लागले. शेवटी एकजण म्हणाला, "फ्रीझरचं दार कोण लावणार?"

सगळे नमुने ज्यात गोठवलेले, त्या जुन्या फ्रीझरचं दार वर खांदा, खाली गुडघा आणि मध्ये "बस की मेल्या!" एवढं झाल्याखेरीज लागत नाही. इतरांनी प्रयत्न केले. एकाचा खांदा निखळला. शिफारसपत्रात औषधाला चार ओळी मिळाल्या, दाराला दीड पान. परवाना कचेरीने तत्काळ शेरा मारला: 'कौशल्य दुर्मिळ. परवाना मंजूर. मुदत: सदर फ्रीझर चालू असेपर्यंत.'

तेव्हापासून बायको दारातच विचारते, "कसा आहे?"

"आज जरा घरघर होती."

"मेकॅनिकला दाखव ना! मात्र दाराला हात लावू देऊ नकोस."

"का? दुखणं तर दारालाच आहे."

"ते दुखतंय म्हणून तर आपण इथे आहोत."

अशात एका दानशूर गृहस्थांनी नवा फ्रीझर देऊ केला. करकरीत, दार आपोआप लागणारं. बैठकीत संशोधक विरोधात उभे राहिले आणि जुन्या फ्रीझरच्या सेवाभावावर इतकं भरभरून बोलले, की स्वतःच्या शोधावरही कधी बोलले नव्हते. आपण एकटे पडणार, अशी त्यांना धास्ती होती. पण रक्तपेशीवाल्या बाईंनी लगेच अनुमोदन दिलं. (एक गळका नळ फक्त त्यांनाच बंद करता येतो.) मग प्रिंटरवाल्याने दिलं. मग खिडकीवाल्याने. चौकशीअंती असं आढळलं, की प्रयोगशाळेतल्या बिघाडांपैकी शेकडा साठ कोणाच्या ना कोणाच्या परवान्यावर नोंदलेले आहेत. बाकीच्या चाळीसांवर नवे उमेदवार हात बसवत होते. देणगी एकमताने, सद्गदित होऊन नाकारण्यात आली. नमुने अधूनमधून वितळतात, औषधाला थोडा उशीर होईल. पण तोवर आपली मूत्रपिंडं सांभाळण्याची जबाबदारी रुग्णांचीही आहेच.

वाचक इथे हसले असतील. त्यांना असा दाखला लागत नाही. तरी आज जेवताना घरात सहज विचारून पाहावं, "मी नसलो तर तुमचं काय अडेल?" सगळे प्रेमाने ताटात बघतील. बऱ्याच वेळाने कोणीतरी म्हणेल, "मिक्सरचं झाकण तेवढं तुम्हालाच लावता येतं."

नवा मिक्सर घेऊ नका.