एक्क्याण्णव गुणांचा बांगडा

डॉक्टर प्रभाकर यांच्या हार्मोनियमचा भाता कुवेतमधल्या सालमियाच्या कोरड्या हवेने आणि अखंड चालणाऱ्या एसीने एका गुरुवारी फाटला. शुक्रवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात जमणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनी ही वार्ता ऐकून हळहळ व्यक्त केली. परंतु त्या हळहळीत सुटकेचा जो निःश्वास मिसळलेला होता, तो डॉक्टरांच्या एरवी तीक्ष्ण असलेल्या कानांनी टिपला नाही.

मंडळी जमत ती गाणी म्हणायला, आणि डॉक्टर ती म्हणू देत नसत. कुणी तोंड उघडले, की त्यांची उजवी तर्जनी वर जाई. "थांबा. गंधार उतरला. पुन्हा." मराठवाड्याहून मुलाकडे राहायला आलेल्या शत्रुघ्नरावांनी गेल्या दिवाळीपासून एकही गाणे अंतऱ्यापर्यंत नेलेले नव्हते.

एसी दुरुस्तीला आलेल्या दत्तप्रसादने तो फाटका भाता पाहिला होता. शुक्रवारी तो खैतानहून एक जड खोके खांद्यावर घेऊन हजर झाला.

"सायबानू, फ्रायडे मार्केटात गावली ही मशीन. कोणतरी जपानी लोक आपल्या देशात परत गेले, जाताना इकून गेले. माइक धरूचो आणि गाणी म्हणूची. सगळी जुनी हत, थंयच्या म्हाताऱ्यांची."

टीव्हीला जोडताच पडद्यावर धुक्यातले बंदर उमटले, छत्री घेतलेली एक उदास स्त्री उमटली आणि खाली किड्यामुंग्यांसारखी अक्षरे धावू लागली. मागे बासरी चाल सांगत होती.

"अहो, पण शब्द वाचता येत नाहीत तर म्हणायचं काय?" डॉक्टरांच्या पत्नी राजश्रीबाईंनी विचारले.

"चाल तर ऐकाक येता मा?" असे म्हणत रत्नमालाबाईंनी माइक घेतला. या मालवणच्या, नर्स असलेल्या लेकीकडे आलेल्या. त्या उदास बंदराच्या चालीवर त्यांनी खणखणीत, सरळ आवाजात बांगड्याचे तिखले चढवले.

"बांगडो धुवचोऽऽ, मीठ लावचाऽऽ, तिरफळां वायच ठेचून घेवचीऽऽ..."

छत्रीवाली स्त्री रडत राहिली आणि बांगडा शिजत राहिला. गाणे संपताच पडद्यावर नगारा वाजला, चांदण्या उधळल्या, एक गुबगुबीत अस्वल नाचू लागले आणि त्याच्या पोटावर आकडा झळकला: ९१.

मंडळी लहान मुलांसारखी चेकाळली. डॉक्टर मात्र उठले, त्यांनी घसा साफ केला आणि तीच चाल मींड, मुरकी, खटका आणि शेवटी एक सपाट तान अशा सर्व अलंकारांनिशी सादर केली. नगारा वाजला नाही. अस्वलाने मान खाली घातली आणि रुमालाने डोळे पुसले. ४३.

"अस्वल रडायलंय की हो, डॉक्टर!" शत्रुघ्नरावांना आनंद लपवता आला नाही.

"या यंत्राला स्वर काठीसारखा सरळ धरलेलाच कळतो," डॉक्टर गरजले. "एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाण्यात जो प्रवास असतो, तेच तर गाणं!"

"त्याला प्रवास नको, डॉक्टर. स्टेशनं पायजेत."

"यंत्राला हरवून दाखवीन मी!"

"मग लावा पैज. पुढच्या शुक्रवारी तुम्ही आन् रत्नमालाताई. हरलात तर ते बोट वर करायचं न्हाई."

"किती दिवस?"

"कधीच."

बोटाशिवाय डॉक्टर म्हणजे काय उरणार, हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. तरी ते म्हणाले, "मान्य."

सालमिया ते जाब्रियातले त्यांचे क्लिनिक, या वाटेवर मोटारीच्या काचा लावून त्यांनी आठवडाभर सपाट गाण्याचा सराव केला. पण जन्मभराची सवय; प्रत्येक सिग्नलला एक मुरकी निसटे. शुक्रवारी त्यांना ४७ मिळाले आणि अस्वल हुंदके देत राहिले. रत्नमालाबाईंच्या सोलकढीला ९४.

त्या दुपारी मंडळी संध्याकाळच्या मगरिबच्या अजानपर्यंत गात राहिली. शत्रुघ्नरावांनी अंतरा गाठला, तोही भलत्याच सुरात, आणि अस्वलाने त्यांना चक्क ६२ दिले. डॉक्टर आपले बोट मांडीखाली दाबून बसले होते.

"जास्त दुखतंय का हो?" राजश्रीबाईंनी हळूच विचारले.

"बोलू नकोस," डॉक्टर म्हणाले.

सुटकेचा मार्ग त्यांना क्लिनिकमध्ये सापडला. कानेको आजी मुलाकडे जपानहून आल्या होत्या आणि गुडघा दाखवायला येत. तपासताना त्या काहीतरी गुणगुणल्या, आणि डॉक्टरांच्या हातातला गुडघ्याचा एक्स-रे खाली पडला. तीच बंदराची चाल! आणि तीत मींड होती, कंप होता, प्रवास होता!

पुढच्या शुक्रवारी आजी तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यांनी माइक घेतला, डोळे मिटले आणि त्या गायल्या. आवाज वळला, थरथरला, एका जागी मुद्दाम फाटला. रत्नमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गाणे संपले. अस्वल या वेळी रडले नाही. ते सरळ आडवे पडले. ३८.

आजी तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसू लागल्या.

"पाहिलंत?" डॉक्टर खुर्चीवरून उसळले. "यंत्र बाद! म्हणून पैज बाद! यांच्याहून अधिक अधिकार कुणाचा?"

युक्तिवाद बिनतोड होता. "झालं," शत्रुघ्नराव पुटपुटले, "बोट परत आलं."

विजयाच्या भरात डॉक्टरांनी माइक उचलला आणि तेच गाणे सुरू केले. दुसऱ्या ओळीला कानेको आजींची उजवी तर्जनी वर गेली.

"डॉक्टर. नो." त्यांनी ती ओळ गाऊन दाखवली. डॉक्टरांनी म्हटली. "नो." पुन्हा म्हटली. "नो, नो."

चहा झाला, साबुदाणावडे संपले; डॉक्टर दुसऱ्याच ओळीवर होते. मध्ये विश्रांती म्हणून रत्नमालाबाईंनी बांगडा म्हटला. आजींनी गाणेभर टाळ्यांचा ठेका धरला आणि आणखी एकदा म्हणायला लावले. शत्रुघ्नरावांच्या बेसूर अंतऱ्यावर त्या उठून नाचल्या, दुखऱ्या गुडघ्यानिशी. मग डॉक्टरांकडे वळल्या आणि बोट वर केले. मंडळींनी इतकी रंगलेली दुपार कुवेतमध्ये अनुभवली नव्हती.

संध्याकाळी आजींना त्यांच्या मुलाच्या मोटारीत बसवून दांपत्य लिफ्टपाशी आले. डॉक्टरांचा घसा बसला होता.

"काय अधिकार आहे बाईंचा!" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पुढच्या शुक्रवारीही बोलावलंय मी. पण राजश्री, एक सांगतो. चूक असली तरी माणसाला एखादं कडवं पुरं करू द्यावं. गळा मोकळा होतो."

राजश्रीबाईंनी पर्समधून फोन काढला. "शत्रुघ्नरावांना लावून देऊ?"

"कशाला?"

"हेच वाक्य एकदा त्यांना ऐकवा."

आक्षेप घेण्यासाठी डॉक्टरांची तर्जनी सवयीने वर गेली. ती क्षणभर तशीच हवेत राहिली. मग त्यांनी त्याच बोटाने लिफ्टचे बटण दाबले.