खेळत्या हवेचं घर

माणसानं एकदा तरी स्वतःच्या डोक्यानं घर बांधावं, असं माझं ठाम मत होतं. आणि माझं डोकं तर याच कामासाठी घडलेलं. पाणीपुरवठा खात्यात मी ड्राफ्ट्समन आहे. अर्ध्या गावाच्या नळाला पाणी येतं ते आधी माझ्या कागदावरून जातं. उरलेल्या अर्ध्या गावाला येत नाही, पण तो दोष कागदाचा नाही.

"एखादा आर्किटेक्ट बघू या का?" बायकोनं विचारलं.

"कशाला? त्याला आधी शिकवा, मग त्याच्याकडून काढून घ्या. त्यापेक्षा मीच काढतो."

बायको शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकलंय हे तिला बघताक्षणी कळतं, पण पोरानं पायऱ्या मांडेपर्यंत ती थांबते. तशीच ती थांबली.

घर पूर्ण पर्यावरणपूरक करायचं ठरवलं होतं. भिंती मातीच्या विटांच्या, पश्चिमेची चांगली हातभर जाड. पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाकीत, न्हाणीघरातलं पाणी झाडांना. पण या सगळ्यावर कळस होता तो हवेचा. बागेतल्या एका टोपी बसवलेल्या नळकांड्यातून हवा आत घ्यायची, जमिनीखालच्या लांबलचक पाइपातून फिरवून गार करायची, दिवाणखान्याखालच्या हौदात आणायची आणि तिथून प्रत्येक खोलीत एकेक पाइप सोडायचा, तोंडाला जाळी लावून. छपरावर काळं धुराडं. ते उन्हानं तापलं की घरातली गरम हवा वर खेचणार आणि खालून गार हवा आपोआप येणार. वीज नाही, खर्च नाही, आवाज नाही. आवाज नाही हे मी लोकांना विशेष ठासून सांगत असे.

मिस्त्री नकाशा बघून बराच वेळ मान हलवत राहिला.

"असलं काम आपण कधी केलेलं नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. सगळं जमिनीखाली जाणार. चुकलं तरी कोणाला दिसायचं नाही."

मला त्याचा उत्साह आवडला.

घर झालं ते ऐन थंडीत. त्यामुळे प्रत्येक खोलीतल्या जाळीवर लाकडी झडप बसवून ती घट्ट बंद ठेवली होती. आम्ही राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि सासूबाई. सासूबाई आमच्याकडेच असतात. तब्येत ठणठणीत, दात स्वतःचे, फक्त ऐकू फार कमी येतं. "चहा घेणार का?" असं विचारलं तर "कोण येणार?" म्हणतात. मग पुन्हा ओरडून सांगायचं, मग पुन्हा. तोवर चहा गार होतो आणि शेजारचे गृहस्थ कुंपणावरून "आलोच" म्हणतात.

उन्हाळा चांगला तापल्यावर मी साडूंना सहकुटुंब जेवायला बोलावलं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या बंगल्यात खोलीगणिक एसी आहे. नकाशा पाहिला तेव्हाच ते म्हणाले होते, "छान आहे. उन्हाळ्यात झोपायला आमच्याकडे येत जा." हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. त्या दिवशी सकाळी मी सगळ्या झडपा काढल्या आणि जाळीसमोर हात धरला. गार झुळूक! मी घरभर फिरून सगळ्या जाळ्यांसमोर हात धरून आलो.

जेवण झालं. साडू आणि ताई पाहुण्यांच्या खोलीत आडवे झाले, सासूबाई त्यांच्या खोलीत, आम्ही आमच्या. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत पांघरूण घ्यावंसं वाटत होतं.

"एक शब्द बोलले नाहीत हो साडू," मी म्हणालो. "नुसते जेवत होते. जेवत कसले, खोदकाम चाललं होतं."

"ताईनं आणलेले पडदे बघितलेत?" बायको म्हणाली. "कावीळ झाल्यासारखा रंग. कावीळच ती." मग जरा वेळानं म्हणाली, "या उन्हाळ्यात ताई आईला घेऊन जाईल का हो? दिवसभर वर्गात ओरडायचं, घरी येऊन पुन्हा ओरडायचं. माझा घसा पार बसलाय."

"मग विचार की तिला."

"मी कशी विचारू? तिनं आपणहून म्हणायला नको?"

एवढ्यात पलंगाच्या उशाशी असलेल्या जाळीतून साडूंचा आवाज आला. अगदी स्वच्छ, कानात बोलल्यासारखा.

"घर मात्र गार आहे हं."

मी ताडकन उठून बसलो आणि जाळीला कान लावला. बायकोनं डोळे वटारून खुणावलं, पण अशा वेळी कान काढून घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

"मग आपण का नाही असं केलं?" ताईंचा आवाज.

"हळू बोल. त्याला कळलं तर जन्मभर ऐकवत बसेल."

सुखानं माझे डोळे भरून आले. तोच ताई म्हणाल्या, "आई इथे आहे तेच बरं. आपल्याकडे नेलं तर दिवसभर तिच्याशी ओरडायचं कोणी?"

"बघा!" बायको जाळीकडे बोट करून म्हणाली. "बघा कशी आहे ती!"

मग साडू म्हणाले, "कोण बोललं?"

पाइपाला दोन तोंडं असतात. ही गोष्ट मी नोकरीत रुजू झालो त्या दिवसापासून जाणतो. पण त्या क्षणी ती माझ्या डोक्यात नव्यानं शिरली.

"थांब," ताई म्हणाल्या. "मगाशी मला कावीळ कावीळ असं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं शेजारी कोणी आजारी आहे. ते माझ्या पडद्यांना होतं होय?"

"आणि खोदकाम?" साडूंनी विचारलं.

"ते पायाचं," मी म्हणालो. "पायाच्या खोदकामाबद्दल बोलत होतो."

"पाया जेवत होता?"

खरं तर दोन खोल्यांमध्ये फक्त दिवाणखाना होता. उठून समोरासमोर बोलता आलं असतं. पण कोणाचीच तोंड दाखवायची हिंमत नव्हती, त्यामुळे सगळे आपापल्या पलंगावर बसून भिंतीशी भांडत होते. दोघी बहिणी तर लहानपणीच्या फ्रॉकपर्यंत मागे गेल्या. तू न्यायला हवंस, तू ठेवायला हवंस, मी इतकी वर्षं केलं, तुला कोणी सांगितलं होतं करायला, असं चाललं होतं. मी नि साडू मधूनमधून "अगं" म्हणत होतो.

"झालं का तुमचं सगळ्यांचं?" जाळीतून तिसराच आवाज आला. शांत, खणखणीत.

सासूबाई.

बायकोनं जाळीला तोंड लावलं. "आई? तुला ऐकू येतंय?"

"या भोकाशी उशी घेतली की येतं. छान येतं. जेवण झाल्यापासून ऐकतेय."

जाळीतून आता गार हवा तेवढी येत होती.

"ओरडावं लागतं हे मला कळतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी काही विचारत नाही. पण ओरडायचा कंटाळा म्हणून तुम्ही सांगणंच सोडलंत. थोरल्या नातवाचं लग्न ठरलं हे मला शेजारणीनं सांगितलं. तेही मी पेढा तोंडात घातल्यावर. मी म्हटलं असेल कोणीतरी पास झालं."

आम्ही चौघं एकाच वेळी आपापल्या खोलीतून बाहेर पडलो आणि माना खाली घालून त्यांच्या खोलीत गेलो. त्या जाळीला टेकून बसल्या होत्या. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"काही ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिकडे जाऊन बोल."

ताई उठून पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. दार लोटून त्या जाळीशी बसल्या आणि आईशी बोलत राहिल्या. साध्या आवाजात, कितीतरी वर्षांनी. आपल्या मुलाचं लग्न कुठे, सून काय करते, तिची आई कशी आहे. मध्ये एकदा हसल्या, मध्ये "चुकलंच गं माझं" म्हणाल्या, आणि सासूबाई इकडे "अगं, होतं असं" म्हणत होत्या. नंतर माझी बायको जाऊन बसली. मी नि साडू ओसरीवर उकाड्यात बसून राहिलो.

"नकाशाची एक प्रत देशील?" शेवटी साडूंनी विचारलं. मी हो म्हणालो. मला ऐकवत बसावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी ताई म्हणाल्या, "आईला मी घेऊन जाते." बायको म्हणाली, "छे, ती इथेच राहील." दोघी पुन्हा भांडल्या, पण या वेळी उलट बाजूंनी. सासूबाईंनी जाळीशी उशी सरकवून सांगितलं, "मी इथेच बरी आहे."

पुढच्या आठवड्यात बायकोनं एक तोडगा काढला. आमच्या खोलीतल्या जाळीशी वाकून ती म्हणाली, "आई, कानाचं चांगलं यंत्र मिळतं आता. घेऊ या का? मग सगळीकडेच ऐकू येईल."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "त्यात तुम्ही माझ्याशी बोलता तेवढंच ऐकू येईल. इथं तुम्ही माझ्याविषयी बोलता ते येतं."

पाइपात गोधडी कोंबावी असं एकदा मनात आलं होतं. पण ते मी बायकोला आमच्या खोलीतच बोलून दाखवलं, आणि सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाकी घर उत्तम आहे. लोक लांबून बघायला येतात, मीही त्यांना सगळं फिरून दाखवतो. फक्त आम्हा नवराबायकोला काही खासगी बोलायचं असलं, की आम्ही फाटकाबाहेर गाडीत जाऊन बसतो. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून काचा बंद ठेवतो. काचा बंद केल्या की फार उकडतं, म्हणून एसी लावतो, आणि एसी चालायचा म्हणजे इंजिन चालू ठेवावं लागतं. पेट्रोल बरंच जातं. पण संसार म्हटला की बोलावं तर लागतंच.