शेपटीला दुसऱ्यांदा आग

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण वासंतीबाईंना एकही कीर्तन शेवटपर्यंत ऐकायला मिळालं नव्हतं. मल्लेश्वरमच्या देवळात बुवांचं आख्यान ऐन रंगात आलं, की पद्मनाभरावांचं कोपर त्यांच्या बरगडीत येई. शेवटची बस, सकाळची पाळी, कारखान्याचा भोंगा. कितीतरी द्रौपदी त्यांनी भरसभेत तशाच सोडल्या, कितीतरी प्रल्हाद खांबापाशी उभे ठेवून त्या बसमध्ये चढल्या. आरतीपर्यंतचं शेवटचं कीर्तन त्यांनी माहेरी, मिरजेला ऐकलं होतं. त्या बुक्क्याचा वास अजून आठवे.

निवृत्तीनंतर भोंगा गेला, पण पद्मनाभरावांचं घड्याळ तेच राहिलं. डिसेंबरातल्या एका रविवारी मराठी मंडळाची बारा माणसं घेऊन ते नंदीच्या डोंगराच्या बाजूच्या खेड्यांतून पायी निघाले. नऊला वीरगळ, दहाला पुष्करणी, साडेबाराला तिसऱ्या गावात जेवण, असा कागदच त्यांनी छापून वाटला होता. चढउताराच्या वाटेवर धुकं विरळ होत होतं आणि रस्त्यातच मळणीला पसरलेल्या नाचणीवरून पाय उचलत मंडळी चालली होती.

दुसऱ्या गावात मारुतीच्या देवळापुढे मांडव दिसला. कानडी मुलखात हनुमान जयंती मार्गशीर्षात असते. आतून चिपळ्या ऐकू आल्या आणि वासंतीबाईंचे पाय थांबले. पाच मिनिटं बसू, असं ठरलं. गावच्या गौडांनी, म्हणजे तिथल्या पाटलांनी, "बन्नी अक्का", या ताई, म्हणत सगळ्यांना पुढच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. हरिकथा सांगणारे म्हातारे दास मारुतीला समुद्रावरून नेत होते. बाजारात भाजी घेता घेता शिकलेलं कन्नड आज वासंतीबाईंच्या कामी आलं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, आज शेवटचं मंगळ म्हणून झाल्याशिवाय उठायचं नाही.

लंका जळली. मारुती परतला, रामाला निरोप सांगून झाला. दासांनी सतरंजीकडे पाहिलं, घोटभर पाणी प्यायलं आणि कथा पुन्हा अशोकवनात नेली. एक वाजला. पद्मनाभराव घड्याळाकडे बघत असतानाच गौडा वाकून त्यांच्या कानाशी लागले. पाहुण्या अक्का बसलेल्या असताना मंगळ म्हणणं म्हणजे त्यांना हाकलणंच झालं, म्हणून दास थांबत नव्हते, आणि आरतीआधी जेवायचं नाही म्हणून तिकडे सगळं गाव उपाशी होतं.

"अगं, तू उठल्याशिवाय ते संपवणार नाहीत," पद्मनाभराव कुजबुजले.

"बेचाळीस वर्षांत हे सगळ्यात चांगलं निमित्त काढलंत."

"शपथ घेऊ का?"

"देवळात खोटी नका घेऊ."

मग त्यांनी मंडळातल्या मकरंदला पाठवलं. शहरात मारतहळ्ळी भागात राहणारा हा पुण्याचा पोरगा म्हणाला, "काकू, सीरियसली, गौडा अंकल स्वतः म्हणतायत." तुला काकांनी पढवलंय, असं सांगून वासंतीबाईंनी त्याला परत धाडलं.

दासांनी मारुतीच्या शेपटीला दुसऱ्यांदा आग लावली तेव्हा मात्र त्या चपापल्या. म्हाताऱ्याचा आवाज पार बसला होता, मृदंगवाला बसल्या बसल्या पेंगत होता. शेवट व्हायला हवा असेल, तर शेवट सोडून उठायला हवं होतं. त्यांनी दासांना दुरूनच नमस्कार केला आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. डोळे भरून आले होते.

त्या उठल्या मात्र, दासांच्या गळ्यात कुठून जोर आला कोण जाणे. त्यांनी खणखणीत मंगळ सुरू केलं आणि अख्खा मांडव आरतीला उभा राहिला. आता सगळेच उभे म्हटल्यावर जायचं कशाला? वासंतीबाई होत्या तिथेच थांबल्या. कापूर पेटला, टाळ वाजले.

त्यांनी शेजारी पाहिलं. पद्मनाभराव हात जोडून आरतीकडे बघत होते. दर वेळी ते बायकोबरोबरच तर उठून गेले होते.

"शेवटी दर वेळी असंच असायचं?" पद्मनाभरावांनी हळूच विचारलं.

"हो. दर वेळी."

जेवणवाल्याचे चार फोन येऊन गेले, असं मकरंद सांगायला आला.

"थांब रे," पद्मनाभराव म्हणाले, "अजून प्रसाद व्हायचाय."