पाठमोरा फोटो

त्रिंबक गुरुजींनी त्या दिवशी चौथीच्या वर्गाला मनापासून शिकवलं आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

एरवी गुरुजींचं मन मोहोळात असे. घर मोहोळला, शाळा सोलापूरच्या पार कडेला आणि मधे रोजची एसटी. मधल्या सुट्टीत घरी जाऊन बायकोच्या हातचं गरम जेवायचं आणि जमलंच तर जरा आडवं व्हायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा त्यांनी आयुष्यात बाळगली होती. बदलीचा अर्ज केलेला होता आणि यादी कधीही लागणार होती. अडचण एवढीच, की त्यांच्या नावावर आधीच एक नोटीस होती. जूनमधल्या वृक्षारोपणाचा म्हणून त्यांनी जुनाच फोटो पाठवला होता आणि त्यात सगळी पोरं स्वेटर घालून उभी होती. आता दुसरी नोटीस आली तर मोहोळ विसरा, असं मुख्याध्यापिका चांगुणाबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं.

सकाळीच ग्रुपवर आदेश येऊन पडला. आजच्या आज 'ऑनलाइन सुरक्षा दिन' साजरा करावा आणि फ्लेक्ससह मुलांचा फोटो पाचच्या आत ग्रुपवर टाकावा. फोटो नाही तर कार्यक्रम झालाच नाही, हा खात्याचा जुना शिरस्ता. शिकवावं की नाही, याबद्दल आदेशात काही म्हटलेलं नव्हतं.

गुरुजींनी सात रस्ता चौकातल्या फ्लेक्सवाल्याला फोन केला आणि फ्लेक्स येईपर्यंत वेळ कसा काढायचा म्हणून शिकवायला सुरुवात केली. त्यांचा मेहुणा नुकताच फोनवर फसला होता, त्यामुळे विषयाला भलताच रंग चढला. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही. घरी विचारल्याशिवाय फोटो काढू द्यायचा नाही. मोबाइलवर आलेला ओटीपीचा नंबर सख्ख्या बापाला द्यायचा नाही. आणि जो घाई करतो तो हमखास फसवणारा, असं टेबलावर हात आपटून त्यांनी सांगितलं. पोरं आ वासून ऐकत होती. एरवी पाढे न ऐकणारा वर्ग इतका गुंग झालेला पाहून गुरुजींना स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुपार कलल्यावर फ्लेक्स आला. फ्लेक्सवाल्यानं सवयीनं गुरुजींचा हात जोडलेला फोटो भलामोठा टाकून खाली 'शुभेच्छुक' लिहिलं होतं. विषयाचं नाव कोपऱ्यात कुठंतरी होतं. गुरुजींनी फ्लेक्स भिंतीला टांगला, मोबाइल काढला आणि पोरांना समोर बसायला सांगितलं.

पहिल्या बाकावरची सृष्टी उभी राहिली.

"गुरुजी, फोटू कुटं जाणार?"

"ग्रुपवर."

"ग्रुपमधी कोन कोन हायत?"

गुरुजींनाही ते धड माहीत नव्हतं. रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवणारा एक इसम त्यात होता आणि तो कोण हे आजवर कुणालाच कळलेलं नव्हतं.

"हायत सगळे आपलेच. चला, आटपा लवकर."

"घाई कराय लागलेत," मागून कुणीतरी म्हणालं आणि साऱ्या वर्गानं दप्तरं तोंडापुढं धरली.

गुरुजींनी गोंजारलं, दरडावलं, गोळ्या आणतो म्हणाले. गोळ्यांचं नाव काढल्यावर तर पोरांनी दप्तरं आणखीच घट्ट धरली, कारण अनोळखी माणूस आधी गोळ्याच देतो हेही त्यांनीच शिकवलं होतं. शेवटी घरच्यांची परवानगी आणायची ठरली. सृष्टीची आजी मल्लव्वा शाळेच्या भिंतीमागंच राहायची आणि कडक भाकरी करून विकायची. एका आजीनं मान डोलावली की बाकीची पोरं ऐकतील, असा गुरुजींचा हिशोब होता. मल्लव्वा पिठाच्या हातानं, पदरात चार भाकरी घेऊन आली.

"फोटू कोन बगनार?"

"साहेब बघणार, आजी."

"सायबाला आमच्या पोरीचं तोंड बगून काय करायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर खात्यात कुणाकडेच नव्हतं, तर गुरुजींकडे कुठून असणार. त्यांचं सारखं घड्याळाकडे बघणं पाहून मल्लव्वालाच त्यांची दया आली. माझा काढ की, माझं काय जातंय, म्हणत ती फ्लेक्सखाली ऐसपैस बसली आणि पदर सारखा केला. तेव्हा गुरुजींना युक्ती सुचली. पोरांना त्यांनी मल्लव्वाकडे तोंड करून बसवलं, म्हणजे मोबाइलला नुसत्या पाठी. फोटोत वर हात जोडलेले गुरुजी, मधे हसणारी मल्लव्वा आणि पुढं तेल लावलेली डोकी आली. पाच वाजायला थोडा वेळ असताना तो ग्रुपवर गेला आणि गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

फ्लेक्सची गुंडाळी करत असतानाच फोन वाजला. नंबर अनोळखी. हात गुंतलेले असल्यानं त्यांनी स्पीकर लावला.

"गुरुजी, ऑफिसमधनं दिपक बोलतोय. अभिनंदन, मोहोळ मिळालं. तुमच्या मोबाइलवर एक नंबर आलाय, तेवढा सांगा. पाचला पोर्टल बंद होतंय, घाई करा."

गुरुजींच्या डोळ्यांपुढं गरम भाकरी आली, बाजही आली. त्यांनी मेसेज उघडलासुद्धा. मग त्यांचं लक्ष वर्गाकडे गेलं. मघाशी पाठमोरी बसलेली सगळी पोरं आता तोंडं वळवून त्यांच्याकडेच बघत होती.

"अभिनंदन म्हनला," सृष्टीनं एक बोट मुडपलं. "नंबर मागितला. घाईबी कराय लागलाय."

मोहोळचं याला कसं कळलं, अशी एक शंका गुरुजींच्या मनात आली. पण मेहुण्याला फसवणाऱ्याला मेहुण्याच्या म्हशीसुद्धा माहीत होत्या.

"दिपकराव," गुरुजी सावकाश म्हणाले, "घरी आईबाप हायत का तुमच्या? त्यांना विचारा, मग फोन करा. आणि मेहनत करून खावा जरा." त्यांनी फोन कापला आणि नंबरही ब्लॉक केला. वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. मल्लव्वानं पदरातल्या भाकरीतली एक काढून त्यांच्या हातावर ठेवली. नोकरीत एवढा मान गुरुजींना कधी मिळाला नव्हता.

पाच वाजून गेल्यावर चांगुणाबाई धापा टाकत वर्गात आल्या.

"अहो, त्या दिपकला काय बोललात तुम्ही? कालच नोकरीला लागलाय, स्वतःच्या फोनवरनं सगळ्यांचे ओटीपी गोळा करत होता बिचारा. तुमचा ओटीपी मिळाला नाही म्हणून मोहोळची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. पोर्टल बंद झालं."

गुरुजी खुर्चीत बसले. बाई चाचरत पुढं म्हणाल्या, की फोटो मात्र साहेबांना पसंत पडलाय. म्हाताऱ्या माणसांनाही शिकवणारी ही एकच शाळा, म्हणून दर शनिवारी गुरुजींनी पालकांचाही वर्ग घ्यावा असा आदेश निघालाय.

गुरुजींना खरोखर वाईट वाटलं, इतकं की डोळे भरून आले. थोड्या वेळानं सृष्टी टेबलाजवळ आली.

"गुरुजी, मग तुमी मोहोळला जाणार न्हाय व्हय?"

"न्हाय बाई."

"बरं झालं की. नवं गुरुजी आलं असतं तर लई पंचाईत झाली असती. त्ये अनोळखी. त्येंना आमी नावबी सांगितलं नसतं."

गुरुजींनी नाक पुसलं. मग मल्लव्वाची भाकरी टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडली, एक तुकडा सृष्टीला दिला आणि एसटीची वेळ टळत असतानाही उरलेली तिथंच बसून सावकाश खाल्ली.