पिटुकल्याची डरकाळी

"आज रडायचं नाही," काचेपलीकडून डबिंगच्या दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या. "आज डरकाळी फोडायची."

कानांवर हेडफोन चढवून माईकसमोर उभा असलेला माणूस कसनुसा हसला. वय पंचेचाळिशीचं, अंगकाठी किरकोळ. स्टुडिओत त्याला सगळे 'हुंदके' म्हणत, जणू ते त्याचं आडनावच होतं. कारण त्याच्यासारखं रडणारं दुसरं कुणी नव्हतं. मुसमुसणं, स्फुंदणं, नाक ओढणं, आवंढा गिळून बोलणं, सगळे प्रकार त्याच्याकडे तयार असत. सांगाल तो काढून देई.

या गुणामुळेच त्याला एका ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिकेतला पिटुकला मिळाला होता. पिटुकला म्हणजे छत्र्या दुरुस्त करणारा एक मरतुकडा पोरगा. त्याच्या अंगी एकच शक्ती होती. त्याला बसलेला प्रत्येक फटका त्याच्या आत साठून राहायचा. त्यामुळे नायक असूनही आजवर त्याने नुसता मार खाल्ला होता आणि रडला होता. गुरूने हाकललं, रडला. मित्र उलटला, रडला. वडिलांची शेवटची छत्री मोडली, तेव्हा तर असा रडला की ध्वनिमुद्रकाला बाहेर जाऊन तोंड धुऊन यावं लागलं. पण आता मालिका अशा वळणावर आली होती की, लोखंडी मुखवट्याचा खलनायक पिटुकल्याच्या आजारी आईवर धावून जातो आणि पिटुकला जन्मात पहिल्यांदा ताठ उभा राहून म्हणतो, "पुरे झालं. आजवर गप्प बसलो. आता माझा हात बघ." मग साठलेले सगळे फटके एकदम परत करतो.

हुंदक्यांनी छाती भरून घेतली आणि वाक्य म्हटलं. ध्वनिमुद्रकाने हळूच मान खाली घातली.

"तो राक्षसाला हात दाखवतोय," बाई म्हणाल्या. "ज्योतिष्याला नव्हे."

दुसऱ्या वेळी ठसका लागला. तिसऱ्या वेळी आवाज नासक्या दुधासारखा फाटला. शेवटी बाई काचेमागून उठून आत आल्या, तेव्हाच हुंदक्यांनी हेडफोन उतरवून ठेवला. वाईट बातमी त्या कधी माईकवरून देत नसत.

"उद्या परत या," त्या म्हणाल्या. "नाहीच जमलं, तर पिटुकला दुसऱ्याकडे द्यावा लागेल. मला वाईट वाटतं हो. पण पोरगा मोठा झाला, आवाज नको का मोठा व्हायला?"

घरी जाताना हुंदक्यांना जिन्यातून चढायचीही लाज वाटत होती. इमारतीत त्यांनी आपण 'निवेदक' असल्याचं सांगून ठेवलं होतं. कमाई बेताची असली तरी शब्द भारदस्त होता. पुढे लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी त्याचं 'मोठमोठ्या माहितीपटांना आवाज देतात' असं केलं, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक त्यांना सिंहांच्या सवयी विचारत. ते माहीत असल्यासारखं सांगतही.

बायको बँकेत गेली होती. नुकतीच तिला बढती मिळून शाखेची जबाबदारी आली होती. सासूबाई जेवून झोपल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येई, पण आपण गर्जत असताना त्या अचानक दारात येऊन उभ्या राहिल्या तर काय, या विचाराने हुंदक्यांनी त्यांच्या खोलीला बाहेरून हळूच कडी घातली. मग आपल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं, पांघरुणांच्या घड्यांमध्ये डोकं खुपसलं आणि सुरुवात केली. कपाटामागे हवेची उभी पोकळी होती आणि ती सबंध इमारतीच्या स्वयंपाकघरांमधून जात होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नुसतं वाक्य म्हणून जोर येईना. म्हणून त्यांनी आधी आजारी आईचा संवाद म्हणायला घेतला. "नको रे, मला म्हातारीला मारू नको," असं चिरक्या आवाजात विव्हळायचं, आणि लगेच, "पुरे झालं. आजवर गप्प बसलो. आता माझा हात बघ." आई चांगली जमत होती. मुलाचंच अडत होतं. दुपारभर त्यांनी आईला हाल हाल करून विव्हळायला लावलं.

दाराची घंटा वाजली. बाहेर इमारतीचे सेक्रेटरी आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सरळ रेषेतले गृहस्थ. कुणी जिन्यात सायकल ठेवली तरी ते सायकलीकडे पाहूनच तिला लाजवीत.

"तुमच्याकडून आवाज येतायत," सेक्रेटरी म्हणाले.

"कसले?"

"ते तुम्ही सांगायचं."

हुंदके घामाने निथळत होते, केसांत पांघरुणाची लव होती. "टीव्ही चालू होता," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. टीव्ही दुरुस्तीला गेलेला होता. भिंतीवर त्याच्या जागी चार भोकं होती.

"सासूबाई कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"झोपल्यात."

"बघून येते."

त्या आत गेल्या आणि खोलीच्या कडीपाशी थबकल्या. आधी कडीकडे पाहिलं, मग हुंदक्यांकडे. कडी काढल्यावर सासूबाई डोळे चोळत बाहेर आल्या. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"आजी, हाताला काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने विचारलं.

"न्हाणीघरात पडले."

"सगळे असंच सांगतात," डॉक्टरीणबाई सेक्रेटरींना म्हणाल्या. मग सासूबाईंच्या कानाशी वाकून, "घाबरू नका. जावई मारतात का तुम्हाला?"

"मारतात ना," सासूबाई प्रेमाने म्हणाल्या. "दिवसातून दहादा मारतात. मारून मारून दमतात बिचारे. मलाच मेलीला ऐकू येत नाही."

"हाका," हुंदके घाईघाईने म्हणाले. "हाका मारतो, असं म्हणतायत त्या."

"त्या हाका आम्हीही ऐकल्या," सेक्रेटरी म्हणाले. "सबंध इमारतीने ऐकल्या."

आता खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य हुंदक्यांच्या जिभेवर आलंही. पण समोर सेक्रेटरी उभे होते. त्यांना हुंदक्यांनी गेल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये सिंहीण शिकार कशी करते ते समजावून दिलं होतं. त्यांना आता सांगायचं, की साहेब, मी कार्टूनमधला रडका पोरगा आहे आणि कपाटात डोकं घालून शूर व्हायचा सराव करत होतो? त्यापेक्षा थोडा वेळ दुष्ट ठरलेलं परवडलं. ते कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. चोरी पकडल्यावर माणूस होतो, तसे.

"ठीक आहे," सेक्रेटरींनी खिशातून फोन काढला. "तुमच्या मिसेसना बँकेत फोन लावतो. आईची ही अवस्था त्यांना कळलीच पाहिजे."

हुंदक्यांच्या डोळ्यांपुढे बायकोची नवी केबिन आली. समोर बसलेली माणसं आली. आजवर तिने एकदाही 'दुसरं काही काम बघ' म्हटलं नव्हतं. एकदाही कुणापुढे तिची मान खाली गेली नव्हती. ती आज जाणार होती.

"फोन खाली ठेवा."

स्वयंपाकघरातल्या काचेच्या बश्या किणकिणल्या. आवाज आला तो पोटाच्याही खालून कुठून तरी. सेक्रेटरींनी फोन खाली ठेवला नाही, तो पडला. डॉक्टरीणबाई एक पाऊल मागे सरल्या. हुंदक्यांनी स्वतःच दचकून मागे वळून पाहिलं.

"एवढं ओरडायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "ऐकू येतं मला."

"पाहिलंत ना?" डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता मात्र पोलिसांनाच बोलवावं लागेल."

दिवसभर न साधलेली गोष्ट साधली होती आणि नेमकी तिनेच घात केला होता. हुंदके मटकन स्टुलावर बसले आणि रडू लागले. आधी नुसता श्वास अडकला, मग एक बारीक कळ आल्यासारखा आवाज, मग थांबून, नाक ओढून, हमसून हमसून. कुणासाठी काढलेलं नव्हतं ते, आपोआप आलं.

जमिनीवरून फोन उचलणारे सेक्रेटरी वाकलेल्या अवस्थेतच थांबले. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"छत्री," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही." सेक्रेटरी सरळ झाले. त्यांचा चेहरा चमत्कारिक दिसत होता. "चला बाई. हा माणूस निर्दोष आहे."

"कशावरून?"

"इतकी वर्षं नोकरी केली. माणूस ओळखता येतो." आणि ते मागे न पाहता निघूनही गेले.

डॉक्टरीणबाईंचं समाधान झालं नव्हतं. जाताना त्यांनी आपलं कार्ड सासूबाईंच्या धडक्या हातात दिलं. "आजी, केव्हाही फोन करा."

"नको ग," सासूबाई म्हणाल्या. "दात सगळे माझे स्वतःचे आहेत."

संध्याकाळी बायको आली. हुंदक्यांनी जमिनीकडे पाहत सगळं सांगितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे तू ओरडलास?" तिने विचारलं. "माझ्यासाठी?"

"ओरडलो."

"आणि लाज कसली वाटून घेतोस? बँकेत सगळ्यांना माहितीय, तू पिटुकला आहेस ते. काउंटरवरची पोरं तुझ्या रडण्याची नक्कल करतात. चांगली करतात."

हुंदक्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मात्र हसत हसत पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ते माईकसमोर उभे राहिले. पडद्यावर मुखवटेवाला धावून आला. हुंदक्यांनी डोळे मिटले. त्यांना मुखवटा दिसला नाही. सेक्रेटरींचा फोनवरचा अंगठा दिसला.

वाक्य संपलं तेव्हा ध्वनिमुद्रक हेडफोन काढून कान चोळत होता आणि बाई उभ्या राहिल्या होत्या. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज हवा होता. कुठे होता इतके दिवस?"

हुंदके लाजले. पण या वेळची लाज गोड होती. "पुढच्या भागाचे संवाद देता का? घरी वाचून ठेवतो."

बाई परत काचेमागून उठून आत आल्या. "पुढे संवाद नाहीत," त्या म्हणाल्या. "डरकाळीने त्याचा आवाजच जातो. मग तो परत मिळवायला सात डोंगर ओलांडतो. हा हंगाम त्यातच संपतो. तुम्ही आता विश्रांती घ्या."

"मध्ये एखादा हुंदका तरी?"

"रडतो. पण मुका. नुसतं पाणी."

दुपारभर घसा फोडून आपण स्वतःचीच नोकरी घालवली, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं, असा विचार करत हुंदके इमारतीचा जिना चढत होते. पहिल्या वळणावर सेक्रेटरी उभे होते. बराच वेळ उभे असावेत. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि जवळ आले.

"परवाच्या भागात तो पळून जात होता," ते कुजबुजले. "आता लढतो का?"

"सांगता येत नाही. करार असतो."

"नका सांगू. मी बघीनच. फक्त एवढं सांगा, लढायला लागला तरी रडतो ना अधूनमधून?"

"रडतो. आवाज न करता."

सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास सोडला. "मग हरकत नाही. त्याचं काय आहे, मी कानात लावून बघतो. आमच्या हिला वाटतं, मी मनःशांतीची व्याख्यानं ऐकतो. डोळ्यांत पाणी आलं की ती कौतुकाने चहा आणून देते. निवृत्तीनंतर एवढंच एक चाललंय बरं." ते पायरीवर बसले. "एक विनंती होती. संकोच वाटतो. ते वडिलांची छत्री मोडते तेव्हाचं, जरा."

हुंदक्यांना आजवर असं कुणी मागितलं नव्हतं. ते शेजारी बसले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिला श्वास अडकला तोच सेक्रेटरींनी खिशातून रुमाल काढला. दुसऱ्याला त्यांचे खांदे हलू लागले.

"हे काय?"

खालून दवाखान्याची किल्ली हातात घेऊन डॉक्टरीणबाई वर आल्या होत्या. त्यांनी ढसाढसा रडणाऱ्या सेक्रेटरींकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या हुंदक्यांकडे. "काल सासू आणि आज हे? काय केलंत त्यांना?"

"यांनी काही नाही केलं," सेक्रेटरी रुमालातून म्हणाले.

"मग रडताय कशाला?"

सेक्रेटरींनी तोंड उघडलं. हुंदक्यांनी त्यांच्याकडे आशेने पाहिलं. सेक्रेटरींचा चेहरा हळूहळू कानांपर्यंत लाल झाला.

"दाढ," ते म्हणाले. "दाढ दुखतेय फार."

"आणि इथे बसून काय करताय? चला खाली. काढूनच टाकू."

त्यांनी सेक्रेटरींचा दंड धरून त्यांना उठवलं. सेक्रेटरींनी एकदा मागे वळून हुंदक्यांकडे पाहिलं आणि मग मुकाट्याने एकेक पायरी उतरू लागले.