तनुजाची डच परीक्षा आणि माझी पाटी

मी शाळेत गेले ती चौथीपर्यंत. पण आमच्या तनुजाला डच परीक्षेत पास केलं ते मीच! हसू नका. आधी ऐका.

तनुजा माझी सून. लग्नाला आठ महिने झाले होते, त्यातले सात तिने इथे पुण्याजवळ मांजरी गावात माझ्यासोबत काढले. ती काय सोपी परीक्षा होती? माझा रविराज नेदरलँडला, आता तिथलाच नागरिक झालाय. तिथल्या सरकारचं म्हणणं, बायकोला आणायचंय ना, मग तिला आधी आमची भाषा थोडी येऊ दे, आमच्या रीती कळू देत. चुकलं काय त्यांचं? सून आणताना मीपण हेच बघितलं होतं!

पोरगी मोठी जिद्दीची. भाकरी थापताना डच, धुणं वाळत घालताना डच! सदाशिव पेठेतल्या शेफाली मॅडम लॅपटॉपवर शिकवायच्या. मी शेजारी लसूण सोलत ऐकायचे. एक दिवस कळलं, तिकडे कुणी कुणाकडे उठून असंच जात नाही. आधी वेळ घ्यायची, मग जायचं. अहो, काय शहाणी माणसं! आमच्याकडे माणूस आधी चहा पितो, मग सांगतो का आलाय ते.

शेवटची सराव परीक्षा आली. मॅडम म्हणाल्या, "यात पास झालात तरच मुंबईच्या खऱ्या परीक्षेची तारीख घेऊ. नाहीतर आणखी चार महिने."

तनुजाचा चेहरा एवढासा झाला. मी ठरवलं, आजच्या दिवस घराला डच कायदा! फाटकावर पाटी लावली : 'फोन करून वेळ घेतल्याशिवाय आत येऊ नये. आलात तरी चहा मिळणार नाही.'

पहिली वाचली माझ्या जावेनं, शकूनं. तिनं फोन केला, पण मला नव्हे. सगळ्या भावकीला! "अक्काच्या घरात कायतरी लपवाछपवी हाय!" तासाभरात गोष्ट इतकी फुगली, की रविराजनं तिकडे गोरी बायको केली आणि इकडे सुनेच्या डोक्यावर परिणाम झाला! दुपारी परीक्षा सुरू झाली आणि बारा बाया मागच्या दारानं परसात शिरल्या. पाटी पुढच्या फाटकाला होती ना!

शकूनं खिडकीतून डोकावलं. तनुजा कानाला हेडफोन लावून, हातवारे करत, एकटीच परक्या भाषेत बोलत होती.

"अगं बया! झपाटलीय की पोरगी!"

"परीक्षा देतेय ती! गप बसा!"

"सून हातची चालली तरी तुझा ताठा जात न्हाई, अक्का! कौशल्या, मिरच्या आण!"

मी दारात आडवी उभी राहिले. पण दृष्ट काढायला दार कशाला लागतं? खिडकीखाली घमेल्यात निखारे ठेवले आणि मीठ, मोहरी, मूठभर मिरच्या पडल्या त्यात! धूर थेट खोलीत. बारा बाया खोकून खोकून बेजार झाल्या. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच, एवढंही एकीला सुचेना!

आणि तनुजा? उठली नाही! डोळ्यांतून धारा, नाकाला ओढणी. एक प्रश्न, एक ठसका, एक उत्तर! माझा रविराज फोडणीच्या वासानं अंगणात पळायचा, त्याच्यासाठी ही धुरात बसून होती.

शेवटी ती हेडफोन उपसून लाल डोळ्यांनी बाहेर आली.

"आई, पाटी कुणी लावली?"

मी शकूकडे बघितलं. शकूनं माझ्याकडे बोट केलं. तेवढ्यात लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला, "छान, तनुजा! पास! पण सर्दीचं औषध घ्या."

"बघ!" शकू ओरडली. "उतरली का न्हाई दृष्ट?"

मुंबईत तर गार खोली, ना धूर ना शकू. तिथेही पास झाली आणि गेली नवऱ्याकडे. तिचं सगळं छान चाललंय हे सांगायला परवा डबाभर लाडू घेऊन मी शकूकडे निघाले. तिच्या फाटकावर नवी कोरी पाटी! 'फोन करून यावं. अक्कानं तर नक्कीच.'

तिथेच उन्हात उभं राहून फोन केला. गुरुवारची वेळ मिळालीय.